किलोमीटरला किती? ट्रकच्या डिझेल इंजिनाचा मागोवा

मालवाहतुकीच्या धंद्यात इंजिनाविषयी दोनच प्रश्न मनापासून विचारले जातात. गाडी किती देते, आणि इंजिन कामाला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, कधी येते? पहिल्याचे उत्तर लिटरमागे किलोमीटरमध्ये असते, दुसऱ्याचे लाखांत. मधल्या काळात गाडी कुठे आणि किती वेळा उभी राहिली, हा तिसरा प्रश्न याच दोन प्रश्नांच्या पोटात दडलेला असतो. इंजिनाची ताकद, वेग किंवा रूप यांची चौकशी नंतर कधीतरी होते. हे प्रश्न ट्रकपेक्षाही जुने आहेत. डिझेल इंजिन जन्मले तेच मुळी खर्चाच्या हिशेबातून, आणि पहिल्यांदा तोंडघशी पडले ते भरवशाच्या परीक्षेत. पुढच्या सव्वाशे वर्षांत इंधनाचा खर्च सतत खाली येत गेला. भरवशाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, कारण भरवसा कशाला म्हणायचे हेच काळानुसार बदलत गेले. न बिघडणारे इंजिन भरवशाचे, की बिघडले तरी रस्त्याच्या कडेला उभे करून संध्याकाळपर्यंत पुन्हा चालू होणारे? या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर आपल्याला आधी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला जायला हवे.

रुडॉल्फ डिझेल 1858 मध्ये पॅरिसमध्ये जन्मला, शिकला म्युनिकच्या तंत्रशाळेत. तिथे कार्ल फॉन लिंडे यांच्या व्याख्यानांत त्याने ऐकले की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामाला लावते आणि बाकीची धुराड्यातून वाया जाते. हा हिशेब त्याच्या डोक्यातून गेला नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडले की ठिणगीशिवाय पेटेल, या कल्पनेचे पेटंट त्याला फेब्रुवारी 1893 मध्ये मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या यंत्रात पहिला जाळ झाला तेव्हा दाब मोजायचे उपकरण फुटून उडाले. त्यानंतर जवळजवळ साडेतीन वर्षे खटपट चालली. अखेर 17 फेब्रुवारी 1897 रोजी प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली आणि इंधनातली 26 टक्के उष्णता कामाला लागत असल्याचा निर्वाळा दिला. माणसापेक्षा उंच असलेल्या त्या धुडाची ताकद होती जेमतेम अठरा-वीस अश्वशक्ती. पण 26 हा आकडा ऐकून युरोपातले कारखानदार परवाने घ्यायला धावले.

डिझेलचा आणखी एक हेतू होता, आणि तो सहसा सांगितला जात नाही. वाफेचे इंजिन मोठ्या कारखान्यालाच परवडते, त्यामुळे छोटा कारागीर मरतो, असे त्याचे मत होते. आपले इंजिन लहान आकारात निघेल आणि सुतार, विणकर, लोहार यांच्या दारात उभे राहील, असे स्वप्न त्याने पाहिले. प्रत्यक्षात सुरुवातीची कित्येक वर्षे त्याच्या इंजिनाने जहाजे, वीजघरे आणि पाणबुड्या चालवल्या. भारतातल्या ट्रकमालकांत मात्र बहुसंख्य असे आहेत की ज्यांच्याकडे पाचपेक्षाही कमी गाड्या आहेत. कित्येकांकडे एकच, तीही कर्जावर. डिझेलच्या डोळ्यांसमोर असलेला कारागीर शेवटी आपल्याकडच्या महामार्गावर स्टिअरिंगमागे बसलेला सापडतो, असे मला नेहमी वाटते.

चाचणीच्या खोलीत 26 टक्के देणारे इंजिन गिऱ्हाइकाच्या घरी मात्र रुसून बसू लागले. विक्रीचे पहिले यंत्र 1898 मध्ये बव्हेरियातल्या केम्प्टेन गावी काड्यापेट्यांच्या कारखान्यात बसवले गेले. पाठोपाठ इतरही यंत्रे गेली आणि तक्रारी परत आल्या. इंधनाचा फवारा नीट होत नसे, झडपा अडकत, दाबलेली हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दम टाकत असे. आउग्सबुर्गमध्ये खास या इंजिनांसाठी काढलेला कारखाना वर्षभरातच बंद पडला. यंत्राची बदनामी थांबवली ती डिझेलने नव्हे, तर इमानुएल लाउस्टरसारख्या कारखान्यातल्या अभियंत्यांनी. एकेक सुटा भाग घेऊन तो निमूटपणे सुधारत नेला त्यांनी. खर्चात बचत शोधणारा एक आणि भरवसा कमावणारे दुसरेच, ही विभागणी पुढच्या इतिहासातही वारंवार भेटते. डिझेल स्वतः 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून नाहीसा झाला. त्याच्या इंजिनावर चालणारा ट्रक त्याला पाहायला मिळाला नाही.

तसा ट्रक तेव्हा शक्यही नव्हता. डिझेलच्या रचनेत इंधन सिलिंडरमध्ये फुंकायला प्रचंड दाबाची हवा लागे, म्हणजे इंजिनाला जोडून आणखी एक अवजड यंत्र आले. जहाजावर ते चालून जाई, चाकांवर नाही. हवेशिवाय नुसते इंधन दाबून सोडण्याची वाट इंग्लंडच्या हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टने 1890 मध्येच दाखवली होती. त्याचे तप्त-गोल इंजिन हॉर्न्स्बी कंपनी विकतही होती. पण त्याचे नाव इतिहासाच्या तळटिपेत गेले. जर्मनीत प्रॉस्पर लॉरांज याने 1909 मध्ये सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी पूर्वकोठी काढून इंधन तिथे पेटवण्याची युक्ती केली, आणि दाबलेल्या हवेची गरज संपत आली. मग 1923 मध्ये बेंझने आणि 1924 मध्ये एम.ए.एन.ने डिझेलवर चालणारे ट्रक रस्त्यावर आणले. एक काम उरले होते. प्रत्येक सिलिंडरला, प्रत्येक फेरीत, अगदी ठरलेल्या क्षणी, थेंबाएवढे इंधन मोजून द्यायचे कोणी? रॉबर्ट बॉशने 1922 मध्ये हे काम हाती घेतले आणि 1927 च्या अखेरीस त्याचे पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात काही सहस्रांश मिलिमीटरचीच फट असते, इतकी की एकाची जोडी दुसऱ्याला चालत नाही. डिझेल ट्रकचा खरा जन्म मी या पंपाच्या दिवसापासून धरतो. पुढे आपल्याकडच्या मिस्त्रींच्या बोलण्यात इंजिन एकीकडे आणि 'पंप-नोझल' दुसरीकडे अशी वाटणी झाली, तीही उगाच नाही.

आता आपण अटलांटिक ओलांडू, कारण चालवण्याचा खर्च ही जाहिरात होऊ शकते हे पहिल्यांदा ओळखणारा माणूस तिकडे होता. क्लेसी कमिन्स हा इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या डब्ल्यू. जी. अर्विन या सावकाराचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. मालकाच्या पैशावर त्याने 1919 मध्ये डिझेल इंजिनाची कंपनी काढली. दहा वर्षे ती तोट्यातच चालली. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, डिझेल म्हणजे काळे, जड, बोटीतले यंत्र, असा समज होता. कंपनी गुंडाळायची वेळ आली तेव्हा कमिन्सने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले बोटीचे इंजिन बसवले आणि 1929 च्या नाताळच्या दिवशी अर्विनला त्यातून फिरवून आणले. पुढच्याच महिन्यात तो तीच गाडी घेऊन इंडियानापोलिसहून न्यू यॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला निघाला. सुमारे 800 मैलांच्या त्या प्रवासाला इंधन लागले 1 डॉलर 38 सेंटचे. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला आणि कंपनी वाचली. 1931 मध्ये त्याची डिझेल मोटार इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत उतरली आणि इंधनासाठी एकदाही न थांबता तेरावी आली. वेगात मागे असूनही चर्चा तिचीच झाली. त्याच वर्षी त्याने एक ट्रक न्यू यॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत नेला, तीन हजारांहून अधिक मैल, आणि इंधनाचे बिल आले 11 डॉलर 22 सेंट. आजच्या कुठल्याही ट्रक कंपनीच्या जाहिरातीत 'अमुक किलोमीटर, अमुक लिटर' दिसले की तिचा पूर्वज हा 11 डॉलर 22 सेंटचा कागद आहे असे खुशाल समजावे. भरवशालाही किंमत लावली ती याच कंपनीने: 1940 मध्ये तिने इंजिनाला एक लाख मैलांची हमी दिली. इंजिन किती टिकेल याचा अंदाज तोवर गिऱ्हाईक बांधत असे. इथून तो कागदावर उतरला.

भारतात तेव्हा रस्त्यावर पेट्रोलचे ट्रक होते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला होता आणि शेव्हरोले, बेडफर्ड ही नावे मालवाहतुकीत रुळली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा गाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बांधून त्या गॅसवर चालवल्या गेल्या. घाटात अशी गाडी प्रवाशांनी ढकलत नेल्याच्या आठवणी जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. या फार्गोचे नशीब पालटले ते इंग्लंडच्या पीटरबरो गावात तयार झालेल्या 'पर्किन्स पी-6' या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाने. ते 1937 मध्ये निघाले आणि त्याचा हिशेब साधा होता: पेट्रोल इंजिन उतरवा, त्याच जागी हे चढवा. पुढे मद्रासची सिम्प्सन कंपनी भारतात पर्किन्सची इंजिने बनवू लागली. ट्रक अमेरिकन नावाचा, इंजिन इंग्रजी, मालक पंजाबी किंवा मराठी आणि बॉडी लाकडाची, असे ते वाहन होते. खर्चाच्या बाबतीत मात्र पेट्रोलवाल्याला त्याच्यापुढे उभे राहणे कठीण झाले.

खरा कलाटणीचा क्षण आला 1954 मध्ये. टाटांची टेल्को कंपनी तोवर जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिने बनवत होती. तिने डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. त्यात ओ.एम. 312 हे 4.6 लिटरचे इंजिन होते, लॉरांजच्या पूर्वकोठीच्या कुळातले. 1969 मध्ये करार संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि 'टी' आला. टेल्कोच्या अभियंत्यांनी मूळ इंजिन सोडले नाही. त्याला आपल्या गरजेप्रमाणे घडवत नेले. सिलिंडरचा व्यास वाढवला, पूर्वकोठी काढून इंधन सरळ पिस्टनच्या वाटीत फवारले, आणि तेवढ्या बदलाने डिझेल वाचले. त्यांच्या नावांतच त्यांची कुंडली आहे: 692 म्हणजे सहा सिलिंडर, व्यास 92 मिलिमीटर; 697 म्हणजे सहा सिलिंडर, व्यास 97. ट्रकच्या नावाचेही तेच. 1210 म्हणजे बारा टन आणि शंभरावर अश्वशक्ती, 1613 म्हणजे सोळा टन आणि एकशेतीसच्या आसपास. शाळेची पायरी न चढलेला क्लीनरही हे आकडे वाचू शकत असे. सोळा टनांना एकशेतीस अश्वशक्ती म्हणजे घाटात पहिला-दुसरा गिअर टाकून चालत्या माणसाच्या वेगाने चढणे. त्या सावकाशीत इंजिनाचे आयुष्यही होते, कारण कधीच फार न पिळलेले यंत्र लवकर झिजत नाही.

हे सगळे उभे करणाऱ्या माणसाचे नाव सुमंत मुळगावकर. पुण्याला पिंपरी-चिंचवडच्या उजाड माळावर त्यांनी साठच्या दशकात टेल्कोचा दुसरा कारखाना वसवायला घेतला, तेव्हा आधी यंत्रे बनवणारी यंत्रे आणि कारागिरांची शाळा उभारली, आणि शेकडो एकरांवर झाडे लावली. ऐंशीच्या दशकात चार भारतीय कंपन्या जपानी सहकार्याने हलके ट्रक घेऊन उतरल्या. मुळगावकरांच्या पुण्याने 1986 मध्ये '407' काढून त्यांना उत्तर दिले. जपानी गाड्या अधिक नाजूक कारागिरीच्या होत्या, यात वाद नाही. पण 407 चा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळायचा, आणि बाजाराने कौल त्यालाच दिला.

दक्षिणेत अशोक लेलँडची गोष्ट समांतर चालली होती. 1948 चे अशोक मोटर्स 1955 मध्ये लेलँडचे झाले, एन्नोरला 'कॉमेट' बनू लागला, आणि ऐंशीच्या दशकात जपानच्या हिनोची इंजिने होसूरला आली. बंगळूरला 1951 पासून मायको कंपनी बॉशचे पंप आणि नोझल बनवत होती. टाटा असो वा लेलँड, आतला पंप बहुधा तिचाच. पुण्यात शंतनुराव किर्लोस्करांनी 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला होता. 1962 मध्ये त्यांनी क्लेसीच्या कंपनीशी हातमिळवणी करून कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी केली. कोथरूडची इंजिने मुख्यतः खाणीतले डंपर, जनरेटर आणि बांधकामाच्या यंत्रांत गेली. महामार्गावरच्या ट्रकपर्यंत कमिन्स पोचायला आणखी तीस वर्षे लागणार होती.

या मधल्या तीस-चाळीस वर्षांत भारतीय ट्रकचा भरवसा कारखान्यात नव्हे, रस्त्याच्या कडेला तयार होत होता. डिझेल संपून गाडी थांबली की पंपात हवा शिरते, आणि हवा असेपर्यंत इंजिन पेट घेत नाही. मग ड्रायव्हर पाना घेऊन फिल्टरवरचा बोल्ट सैल करतो, क्लीनर हाताने प्रायमर मारत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार आली की बोल्ट आवळायचा, सेल्फ मारायचा. नोझलची परीक्षाही अशीच उघड्या डोळ्यांनी होई. ते काढून हातपंपाला लावायचे, दांडा दाबायचा, साधारण दोनशे बारला ते उघडले पाहिजे. चांगले नोझल धुक्यासारखा बारीक फवारा देते आणि कर्रकर्र आवाज करते. वाईट नोझल टोकाशी ओलसर थेंब धरून ठेवते. त्या थेंबाचा अर्थ काळा धूर आणि लिटरमागे अर्ध्या किलोमीटरची घट, हे मिस्त्रीला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. फवाऱ्याखाली हात धरायचा नाही, तो कातडीत शिरतो, एवढे मात्र नवशिक्या पोराला पहिल्या दिवशी सांगितले जाई.

मोठे कामही असेच. गाडी ऑइल प्यायला लागली, चढावर दम सोडू लागली, की इंजिन 'कामाला आले'. हेड उतरवून रिंगा-पिस्टन आणि व्हॉल्व्ह पाहिले तर 'हाफ इंजिन'. क्रँक काढून ग्राइंडिंगला धाडला, बेअरिंग बदलले, लायनर नवे ठोकले, तर 'फुल'. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, कळंबोलीत, धुळे-मालेगावच्या हायवेवर हे काम उघड्यावर, साखळीच्या कप्पीला इंजिन टांगून होत असे. 697 बिघडत नसे, असे कोणी म्हणाले तर ते खरे नव्हे. ते तापत असे, गॅस्केट उडवत असे, आणि दुपटीने माल भरला तर कुरकुरतही असे. पण बिघाडाचे कारण डोळ्यांना दिसे, भाग बाजारात मिळे आणि मजुरी मालकाच्या खिशाला झेपे. माझ्या मते भारतीय ट्रकचा भरवसा म्हणजे हीच तीन गोष्टींची बेरीज होती. त्यातली पहिली गोष्ट गेली की बाकीच्या दोन टिकत नाहीत, हे पुढे कळले.

इंधन मोजून देणाऱ्या पंपाचा सर्वांत मोठा वैरी रॉकेल होते. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, या फरकावर भेसळीचा सबंध धंदा उभा राहिला. रॉकेलात डिझेलसारखा ओशटपणा नसतो. सहस्रांश मिलिमीटरच्या फटीत फिरणारा दट्ट्या कोरडा घासतो आणि पंप अवेळी कामाला येतो. ट्रकमालकाला पंपाचे बिल दिसते, भेसळ दिसत नाही. या धंद्याची धार किती होती ते 25 जानेवारी 2011 रोजी साऱ्या देशाने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला भेसळखोरांनी जिवंत जाळले. दुसरा वैरी डिझेलच्याच अंगात होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. गंधक जळून बनलेले आम्ल ऑइलमध्ये उतरते, रिंगा आणि लायनर खाते. म्हणून ऑइल वरचेवर बदलावे लागे. पुढे हे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरत 2020 मध्ये दशलक्षात दहा भागांवर आले, म्हणजे हजारपटीने कमी. धुराची चर्चा होते, पण इंजिनाच्या आयुष्याला या सफाईने किती हात दिला हे क्वचितच कोणी बोलते. काही कंपन्या आज ऑइल बदलण्याचा पल्ला लाख किलोमीटरच्या आसपास सांगतात, त्यात या स्वच्छ डिझेलचा वाटा मोठा आहे.

नव्वदच्या दशकात रस्ते आणि इंजिने एकदमच बदलू लागली. टाटा आणि कमिन्स यांची जमशेदपूरची भागीदारी 1993 मध्ये झाली आणि 5.9 लिटरचे 'बी' मालिकेचे इंजिन ट्रकमध्ये आले. ते हलके होते, जोरकस होते, लिटरमागे अधिक देत होते. पण त्यात लायनरच नव्हते! सिलिंडर सरळ ब्लॉकमध्येच कापलेले. 697 वर वाढलेल्या मिस्त्रीने ते उघडले आणि त्याला धक्का बसला: घासले की लायनर काढून नवे ठोकायची सोय नाही, ब्लॉकच बोअरिंगला न्यायचा. हे इंजिन कामालाच उशिरा येईल, असा कारखान्याचा युक्तिवाद होता, आणि तो बराचसा खराही ठरला. भरवशाच्या दोन व्याख्या इथे पहिल्यांदा समोरासमोर आल्या. अभियंत्यांच्या भाषेत नव्या व्याख्येला 'बी-10' म्हणतात: शंभरातली दहा इंजिने मोठ्या दुरुस्तीला येईपर्यंत किती अंतर कापले जाते. हा हिशेब ताफ्याचा आहे. एकच गाडी असणाऱ्याची गाडी त्या दहांतली निघाली तर उरलेल्या नव्वदांचा त्याला काय उपयोग?

पाठोपाठ धुराचे नियम आले आणि त्यांनी इंजिनाची आतली रचनाच बदलून टाकली. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी याने टर्बोचार्जरचे पेटंट 1905 मध्येच घेतले होते. आपल्या ट्रकवर तो सर्रास आला 2000 च्या नियमांमुळे. अमेरिकेत डेट्रॉइट डिझेलने 1987 मध्ये 'सिरीज 60' इंजिनात फवाऱ्याचा ताबा इलेक्ट्रॉनिक पेटीकडे दिला होता. 1995 मध्ये जपानी हिनो ट्रकमध्ये डेन्सोची कॉमन रेल आली: सर्व सिलिंडरांना एकच उच्च दाबाची नळी, आणि इंजेक्टर उघडायचा हुकूम विजेचा. दोनशे बारची जागा सोळाशे-दोन हजार बारने घेतली. फवारा इतका बारीक झाला की धूर आणि खर्च दोन्ही उतरले. हातपंपावर नोझल तपासणारा मिस्त्री मात्र या दाबापुढे हतबल झाला, कारण तो दाब हाताने निर्माणच होत नाही.

29 मार्च 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 1 एप्रिलपासून बी.एस.-3 (भारत स्टेज-3) या धुराच्या जुन्या नियमांची नवी वाहने विकता येणार नाहीत. आठ लाखांहून अधिक गाड्या शोरूममध्ये होत्या. दोन दिवस सवलतींचा पाऊस पडला. त्या वेळी बहुतेक कंपन्यांनी बी.एस.-4 साठी धुरात युरियाचे द्रावण फवारण्याचा मार्ग पत्करला. अशोक लेलँडने मात्र जुन्या घाटाचा पंप ठेवून, धुराचाच काही भाग पुन्हा इंजिनात फिरवण्याची पद्धत आणली आणि जाहिरातीत सांगितले की ही गाडी नेहमीचा मिस्त्रीही दुरुस्त करू शकेल. धंद्याच्या दृष्टीने ती चाल हुशारीची होती, पण आयुष्य तीनच वर्षांचे. 1 एप्रिल 2020 पासून बी.एस.-6 आले. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅमवरून 0.4 वर आली, आणि युरियाशिवाय जड ट्रकला गत्यंतर उरले नाही. 32.5 टक्के युरियाचे पाणी वेगळ्या टाकीत भरायचे. डिझेलच्या मानाने खप थोडा, पण ते संपले की गाडी स्वतःची ताकद कमी करते. टाकी भरा, नाही तर रांगत जा, हे आता ट्रकच ड्रायव्हरला सांगतो. मोठ्या देशांतही हा बदल सर्वांना पेलला नाही. कॅटरपिलरने अमेरिकेतल्या महामार्गी ट्रकसाठी इंजिने बनवणेच सोडले. युरियाशिवाय नियम पाळून दाखवू म्हणणाऱ्या नॅविस्टारला 2012 मध्ये माघार घ्यावी लागली.

खर्चाचा हिशेबही याच काळात ढवळून निघाला. पूर्वी सरकार डिझेलचा भाव बांधून देई, त्यामुळे भाडे एकदा ठरले की महिनोन्महिने चाले. जानेवारी 2013 पासून दरमहा पन्नास पैशांची वाढ सुरू झाली आणि घाऊक खरेदीदारांना बाजारभाव लागू झाला. तेव्हा कित्येक राज्यांच्या परिवहन मंडळांच्या बसगाड्या किरकोळ पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये भाव पुरताच मोकळा झाला. एका फेरीच्या खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा डिझेलचा असतो, तेव्हा लिटरमागे पाव किलोमीटर कुठे सांडतो याकडे मालकाचे लक्ष गेले नसते तरच नवल. आता ट्रकमधली इलेक्ट्रॉनिक पेटी ते मालकाला घरबसल्या सांगते: गाडी कुठे न्यूट्रलमध्ये उतरली, कुठे तासभर उभी राहून इंजिन चालू होते. दुरुस्तीही किलोमीटरच्या दराने, वार्षिक करारावर विकली जाते. ताफेवाल्याला हा सौदा बरा पडतो, कारण खर्च आधीच कळतो. एकट्या मालकाला तो महाग वाटतो. म्हणून नवी गाडी घ्यायची ऐपत असूनही, करार संपल्यावर लॅपटॉपवाला कोण येणार या धास्तीने जुनी 1613 राखणारे मालक आजही भेटतात. त्यांना मागासलेले म्हणणे मला पटत नाही. ते एका वेगळ्या व्याख्येच्या बाजूने मत देत आहेत, इतकेच.

इंजिन कितीही सुधारले तरी त्याला निसर्गाची मर्यादा आहे. श्र्योटर यांचे 26 टक्के 2020 मध्ये चीनच्या वेइचाय कंपनीच्या एका इंजिनाने 50 च्या पुढे नेले. वर चढायला आता फार जागा उरलेली नाही. पुण्याजवळ चाकणला 2022 पासून ब्लू एनर्जी मोटर्सचे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारे ट्रक तयार होऊ लागले. इंजिन तेच सहा सिलिंडरचे, जड, जोरकस. पण हा वायू नुसत्या दाबाने पेटत नाही, म्हणून त्यात स्पार्क प्लग आहे. डिझेलने 1893 मध्ये जी ठिणगी इंजिनाबाहेर काढली ती दुसऱ्या दाराने परत आली. इंधन उणे 162 अंशांच्या आसपास ठेवावे लागते, थर्मासच्या जातीच्या टाकीत. ते देणारे पंप अजून मोजक्याच मार्गांवर आहेत, त्यामुळे गाडी कुठल्या गावचा माल उचलणार हे आधी पंपांचा नकाशा ठरवतो. आणि ते लिटरवर नव्हे तर किलोवर विकले जाते. ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांत बसलेल्या मुनिमांना वर्षानुवर्षांचे 'लिटरला किती' बाजूला ठेवून किलोचा नवा तक्ता मांडावा लागतो आहे, आणि जुन्या भाड्यांशी तो अजून नीट जुळत नाही.